रोजच्या ऑफिससाठी रोड बाइक: गिअर कुठले घ्यायचे, चेन कधी बदलायची

रोज ऑफिसला न्यायच्या सायकलचे पार्ट निवडताना बहुतेक जण ग्रुपसेटच्या, म्हणजे गिअर-ब्रेकच्या पूर्ण संचाच्या, नावापासून सुरुवात करतात. सुरुवात सगळ्यात हलक्या गिअरपासून करा. लॅपटॉप, डबा, कपडे मिळून पाच-सहा किलो वजन, पुण्यातल्या चांदणी चौकाकडचा चढ आणि मध्येच लागलेला सिग्नल. थांबलेली सायकल पुन्हा चढावरच हलवायची असते, आणि तिथे गिअर अपुरा पडला की गुडघे कुरकुरतात.

हिशेब सोपा आहे. पुढच्या चेनरिंगच्या (पेडलपाशी असलेल्या दातेरी चक्राच्या) दात्यांना मागच्या स्प्रॉकेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राच्या) दात्यांनी भागायचं. पुढे ५०/३४ चा, म्हणजे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंगचा, कॉम्पॅक्ट क्रँक आणि मागे ११-२८ ची कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दात्यांच्या स्प्रॉकेटांचा संच, अशी जोडी अनेक सायकलींवर असते. ३४ भागिले २८ म्हणजे १.२१. ७०० x २८ मापाच्या टायरचं चाक एका फेरीत सुमारे २.१४ मीटर जातं, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्या पेडल मारलं तर वेग ताशी ९.३ किमी. चढावर याहून हळू झालात की उभं राहून दाबावं लागतं. मागे ३२ दाते असतील तर तोच वेग ८.२ होतो, ३४ असतील तर ७.७. आकडे किरकोळ वाटतात, घामात फरक चांगला पडतो. दुसरं टोकही पाहा: ५०/११ वर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ५२ किमी. कर्वे रोडवर हा वेग कुणाला हवाय? ११ चं स्प्रॉकेट रोजच्या वापरात जवळपास नवंच राहतं. मुंबईच्या सपाट रस्त्यांवर मात्र ११-२८ पुरे. उड्डाणपूल तेवढे चढायचे असतात.

मोठी कॅसेट घेण्याआधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, बघा. शिमानो कंपनीच्या आखूड केजच्या (केज म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग), म्हणजे एसएस डिरेलरला सहसा २८ किंवा ३० दात्यांपर्यंतच चालतं. ३२-३४ साठी लांब केजचा जीएस लागतो. शिवाय एकूण क्षमता जुळली पाहिजे: पुढच्या दोन चेनरिंगच्या दात्यांतला फरक अधिक मागच्या सगळ्यात मोठ्या आणि छोट्या स्प्रॉकेटमधला फरक. ५०/३४ आणि ११-३४ ला १६ + २३ = ३९. क्षमता कमी असेल तर छोटी चेनरिंग आणि छोटं स्प्रॉकेट या जोडीवर चेन लोंबते.

आता किती स्पीड, म्हणजे मागे किती स्प्रॉकेट. शिमानोच्या ग्रुपसेटांत क्लॅरिस ८, सोरा ९, टियाग्रा ४७०० ही १०. आमचं मत स्पष्ट आहे: रोजच्या धुळीसाठी ८ किंवा ९ स्पीड घ्या. चेन आणि कॅसेट स्वस्त पडतात आणि गिअर जरा हलले तरी चालवून घेतात. वाचलेले पैसे चांगल्या टायरवर घाला. पार्टची सरमिसळ करताना सावध राहा. जुन्या ८ आणि ९ स्पीडचे मागचे डिरेलर केबल सारखीच ओढतात, त्यामुळे सोराच्या शिफ्टरवर (हँडलवरच्या गिअर बदलायच्या कळीवर) ९ स्पीड माउंटन बाइकचा डिरेलर चालतो. टियाग्रा ४७०० आणि शिमानोचं नवं क्यूज यांचं गणित वेगळं आहे. ते जुन्या शिफ्टरला जोडू नका. स्वस्त सायकलींना कॅसेटऐवजी हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसणारा फ्रीव्हील असतो. त्यावर कॅसेट बसत नाही, हब किंवा अख्खं चाक बदलावं लागतं. खरेदीआधी मागचं चाक काढून एकदा बघाच.

चेन ताणली जाते असं म्हणतात; खरं तर पिना आणि त्यांभोवतीचा भाग झिजतो आणि प्रत्येक कडीत थोडी मोकळीक येते. मोजायला स्टीलची १२ इंची पट्टी पुरते. चेन ताठ ठेवून शून्य एका पिनेच्या मधोमध धरा. नव्या चेनवर १२ इंचाची खूण बरोबर पिनेच्या मध्यावर येते. पिन दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर गेली असेल तर कॅसेटही गेली असं समजा. अशा कॅसेटवर नवी चेन टाकली की जोर लावताच खाडकन घसरते, तीही जास्त वापरलेल्या मधल्या स्प्रॉकेटांवर. सिग्नलवरून निघताना हे घडलं तर माणूस थेट टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीवर, आदळतो.

नव्या चेनची लांबी अशी ठरवा: डिरेलरमधून न घालता मोठी चेनरिंग आणि मोठं स्प्रॉकेट यांवरून गुंडाळा, जिथे टोकं भेटतात तिथून आणखी दोन कड्या ठेवा, एक आतली आणि एक बाहेरची. त्यानंतरच तोडा.

नवी केबल पहिल्या काही आठवड्यांत सैल पडते. चेन मोठ्या स्प्रॉकेटवर चढायला कां-कू करत असेल तर डिरेलरपाशी असलेला बॅरल अॅडजस्टर (केबल ताणायचा गोल स्क्रू) घड्याळाच्या उलट पाव फेरी फिरवा आणि पुन्हा बघा. तीन-चार वेळा फिरवूनही काही गिअर नीट आणि काही बिघडलेले राहत असतील, तर स्क्रू पिळत बसू नका. हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमचा तुकडा, वाकलेला असणार. पार्किंगमध्ये सायकल उजव्या अंगावर पडली की हेच होतं. मागून बघा: डिरेलरचा केज चाकाला समांतर हवा. वाकलेल्या हँगरवर सगळ्यात हलका गिअर टाकू नका; डिरेलर आरीत अडकला तर तोही जातो, चाकही.

पावसाळ्यात भिजून आल्यावर चेन फडक्याने पुसून वेट ल्यूब (पावसाळ्यासाठीचं चेनचं तेल) लावा, प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि दहा मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. उरलेलं तेल धूळ धरून चेन कानशीसारखी घासतं. मोटारचं इंजिन ऑइल याच कारणाने वाईट.

बॅगेत चेन टूल आणि आपल्याच स्पीडची एक क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) ठेवा. ८ ची ९ ला चालत नाही. वाटेत चेन तुटली तर बिघडलेल्या कड्या काढून लिंक जोडता येते, पण चेन आखूड होते. घरी पोचेपर्यंत मोठी चेनरिंग आणि मोठं स्प्रॉकेट एकत्र लावू नका, डिरेलर ताणून मोडतो.