ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला डिझेलची जादा टाकी: आधी वजन, मग गॅलन

अमेरिकेतल्या युटात आय-७० महामार्गावरून पश्चिमेला निघालात की ग्रीन रिव्हरनंतर सलाइनापर्यंत सुमारे ११० मैल एकही पंप लागत नाही. तशी पाटीच लावलेली आहे. ती मी वाचली होती, बायकोनेही मोठ्याने वाचून दाखवली होती. तरी अर्ध्या टाकीवर पुढे निघालो, कारण गावातल्या ज्या पंपात शिरलो तिथे मागे २८ फुटी ट्रेलर घेऊन वळायला जागा नव्हती आणि दोन्ही पोरं मागे पेंगुळली होती. गाव सुटलं की सॅन राफेलचा चढ लागतो. त्यात समोरून वारा. सलाइनाला पोचलो तेव्हा ‘अजून किती मैल जाईल’ या रकान्यात शून्य होतं आणि शेवटची वीस मैलं गाडीत कुणी बोललं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात मी टाकी बसवली. मी मूळचा कराडचा, आता फिनिक्सजवळ राहतो. गाडी रॅम २५००, कमिन्सचं ६.७ लिटरचं डिझेल इंजिन, आखूड हौद्याची. मूळ टाकी ३१ गॅलनची, म्हणजे साधारण ११७ लिटर. रिकामी गाडी महामार्गावर गॅलनला १८ मैल देते. ट्रेलर लावला की १० आणि वारा तोंडावर असला की ८. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाताना साधारण हजार फुटांवरून जवळजवळ सात हजार फुटांवर चढावं लागतं, तेव्हा सहाचा आकडाही मी पाहिलाय. तळाचे पाच गॅलन राखून ठेवले तर ट्रेलरसकट माझी हक्काची मजल २६० मैलांची. पूर्वेकडच्या राज्यांत एवढी पुष्कळ झाली. युटा, नेवाडा, वायोमिंगमध्ये तेवढ्यात जीव टांगणीला लागतो.

जो तो मला विचारतो, किती गॅलनची घेऊ? मी विचारतो, तुझ्या गाडीच्या दारावरचा आकडा काय? ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नका. माझ्या गाडीचा आकडा २,१८०. एवढ्या दांडग्या गाडीला एवढाच, म्हणून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. डिझेल इंजिन स्वतःच इतकं जड असतं की भार घ्यायला फारसं उरत नाही.

आता हिशेब मांडा. माझा ट्रेलर भरल्यावर ७,६०० पौंड. त्यातले ९५० हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर आणि तिथून गाडीच्या पाठीवर येतात. मागे बॉलवर जोडायच्या ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के भार असाच पुढे येतो. हौद्यात टेकणारा फिफ्थ व्हील असेल तर पंधरा ते पंचवीस टक्के धरा. आम्ही चौघं मिळून ४८०. भार वाटून देणाऱ्या हिचचं लोखंड १००. सायकली, हत्यारांची पेटी, बायकोने ‘एवढंच’ म्हणून ठेवलेलं सामान १७०. झाले १,७००. उरले ४८०.

डिझेलचं वजन गॅलनला सुमारे ७.१ पौंड, लिटरला साधारण ८५० ग्रॅम. मला ६० गॅलनची टाकी हवी होती. तिचं डिझेल ४२६ आणि रिकामी टाकी ११०, एकूण ५३६ पौंड. बसली नाही. ४० गॅलनचीचं डिझेल २८४, टाकी आणि पट्ट्या ९५, एकूण ३७९. बसली, वर शंभर पौंड शिल्लक. स्टिकरवरचा आकडा मूळ टाकी भरलेली धरूनच काढलेला असतो, तेव्हा तिचं डिझेल पुन्हा मोजू नका.

हे कागदावरचं झालं. नंतर सगळं सामान, ट्रेलर आणि माणसं घेऊन ट्रकच्या थांब्यावरच्या काट्यावर चढा. तिथे पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांचं वेगवेगळं वजन एकाच चिठ्ठीवर मिळतं. मागच्या आसाची मर्यादा दारावर वेगळी छापलेली असते आणि हौद्यातली टाकी तिथेच सगळ्यात जास्त बसते. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा आस मर्यादेबाहेर, असं होऊ शकतं. माझं मागचं वजन पहिल्या खेपेला काठावर आलं, म्हणून हौद्यातल्या सायकली काढल्या आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाला न टांगता त्याच्या आतच, चाकांच्या वर ठेवल्या. मागच्या टोकाला वजन टाकलं की हिचवरचा भार कमी होतो खरा, पण ट्रेलर शेपूट हलवायला लागतो.

टाकीचे प्रकार थोडक्यात. गाडीखालची मूळ टाकी उतरवून तिच्या जागी पन्नासेक गॅलनची जाड प्लास्टिकची टाकी बसवता येते. माझ्या मते हा सगळ्यात नेटका मार्ग. वाढतात एकोणीस गॅलन, म्हणजे १३५ पौंड, तेही खाली, आणि हौदा मोकळा राहतो. मला खर्च परवडला नाही आणि वाढीव मजल कमी वाटली. दुसरा प्रकार माझा: हौद्यात केबिनला टेकून टाकी, तिच्यातून डिझेल आपोआप खालच्या टाकीत उतरतं. तिसरा, पंप आणि नळी लावलेली टाकी, ही शेतावरची यंत्रं भरायला असते. तिचा पाइप आपल्या इंजिनाकडे वळवण्याचा जुगाड करू नका. आणि गाडीच नवी घ्यायची असेल तर आधी लांब हौद्याच्या गाड्या बघा. फोर्ड सुपर ड्यूटीच्या लांब हौद्याच्या डिझेल गाडीत कारखान्यातूनच ४८ गॅलनची टाकी आलेली आहे.

गाडी पेट्रोलची असेल तर हौद्यातल्या टाकीचा विचार इथेच सोडा. वरून उतरणाऱ्या टाक्या फक्त डिझेलसाठी असतात. पेट्रोलची वाफ पेटते, शिवाय वाफेच्या उत्सर्जनाचे नियम वेगळे आणि कडक. आणि हे वाचून भारतात कुणाला हुरूप आला असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आधी वाचा. नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही.

खरेदी करताना ॲल्युमिनियमची किंवा आतून-बाहेरून नीट रंगवलेली पोलादी टाकी बघा. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी नको, तांब्याची नळीही नको. या दोन्ही धातूंनी डिझेल खराब होतं आणि त्याचा चिकटा इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत जातो. टाकीच्या आत आडव्या भिंती आहेत ना, ते विचारा. ब्रेक दाबल्यावर पावणेतीनशे पौंड डिझेल एकदम पुढे हिंदकळलं तर ते पाठीत जाणवतं.

बसवायला मला एक शनिवार आणि अर्धा रविवार लागला. मूळ टाकी आधी पाव टाकीच्या खाली आणा आणि बॅटरीची ऋण तार काढा. टाकीखाली रबराची चटई अंथरा. मग भोकं पाडायच्या आधी गाडीखाली सरपटत जाऊन बघा: तुमचं ड्रिल जिथून बाहेर पडणार तिथे ब्रेकची नळी, तारांचा जुडगा किंवा खुद्द मूळ टाकी असू शकते. मी ड्रिलच्या पात्याला लाकडाचा ठोकळा घालून ठेवला होता, म्हणजे पातं एक इंचाच्या पुढे जाणारच नाही. बोल्टच्या खालून हौद्याच्या पत्र्याला नुसते वायसर लावू नका, जाड लोखंडी पट्टी लावा. अपघातात ही टाकी केबिनवर येऊ नये एवढं तिने धरलं पाहिजे.

आता जोडणी. डिझेल भरायचं तोंड आणि मूळ टाकी यांच्यामध्ये रबरी नळीचा एक तुकडा असतो. तो कापून मध्ये संचात आलेला टी-आकाराचा तुकडा घालायचा. जादा टाकीचं डिझेल त्यातून मूळ टाकीत पडतं, इंजिनाकडे थेट कधीच जात नाही. नळी धारदार सुरीने कापा. करवतीने कापली तर रबराचा भुगा टाकीत जातो. या गाड्यांचा उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, त्यात कचरा, पाणी किंवा हवा गेली तर पंप स्वतःचंच लोखंड खातो आणि ती भुकटी पुढे सगळीकडे पसरते. त्या दुरुस्तीच्या पैशांत जुनी मोटार येईल. म्हणून मी प्रत्येक तोंड स्वच्छ फडक्याने बांधून ठेवत होतो, चहाला उठलो तरी.

नळी डिझेलसाठीची म्हणून छाप असलेलीच घ्या. हीटरची नळी तशीच दिसते, पण डिझेलने फुगते आणि मऊ पडते. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे सुटतात. इंधनाला चालणारी पेस्ट मिळते, ती लावा. नळी हौद्यातून खाली जाते त्या भोकाला रबरी कडं घाला आणि तिला सायलेन्सरच्या बाजूने मुळीच नेऊ नका. धुराच्या गाळणीत साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते तेव्हा तो भाग भयंकर तापतो. नळीच्या वाटेत एक गाळणी, डिझेल सोडायची-थांबवायची एक चावी आणि टाकीच्या माथ्यावर हवा आत-बाहेर होण्यासाठी गाडी उलटली तरी न गळणारा व्हॉल्व्ह. तो धुळीने तुंबला तर डिझेल उतरणं थांबतं आणि माणूस उगाच नळ्या शोधत बसतो.

पहिल्यांदा पाचच गॅलन घाला. चावी उघडा, प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसा, गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तरच पुढे.

माझा पुठ्ठा कोरडा होता. गळती झाली ती तीन आठवड्यांनी आणि पूर्ण माझ्या चुकीने. दोन्ही टाक्या भरून आणल्या, घरासमोरच्या उतारावर नाक वर करून गाडी लावली आणि चावी उघडी राहिली. फिनिक्सची दुपार. डिझेल तापून फुगलं, वरच्या टाकीचा दाब होताच, आणि झाकणाच्या कडेने थेंब थेंब बाहेर येत राहिलं. संध्याकाळी शेजारी सांगायला आला. मांजराच्या शौचपेटीतली भुरकी आणून दोन पोती पसरली, तरी डाग अजून आहे. आता नियम असा: मूळ टाकी अर्ध्याच्या खाली आली की चावी उघडायची, गाडी थांबली की बंद. चावीला लाल चिंधी बांधलेली आहे. चावी उघडली की ती चिंधी सोडून स्टिअरिंगला अडकवायची.

उघडल्यावर गंमत दिसते. तासन्‌तास गाडी चालते आणि काटा जागचा हलत नाही, उलट किंचित वर चढतो. त्यामुळे वर किती उरलंय ते काट्यावरून कधीच कळत नाही. माझा मामा कोल्हापूर-मुंबई रस्त्यावर ट्रक चालवायचा. त्याच्या सीटमागे एक बांबूची कामटी असायची, तीवर चाकूने खाचा. “भाच्या, काट्यावर जाऊ नको, काठीवर जा,” म्हणायचा. मीही टाकी भरताना दर पाच गॅलनला काठी बुडवून खूण केली. लाकडी काठी, कोरडी, सालं न निघणारी. धाकटी आता पंपावर उतरली की आधी काठी मागते.

थंडीचं एक कुणी सांगत नाही. मोठी टाकी म्हणजे तुम्ही घरचं हवामान सोबत नेता. फिनिक्समध्ये जानेवारीतही उबेतलं डिझेल मिळतं. ते ४० गॅलन घेऊन कोलोरॅडोत गेलात तर रात्री त्यातलं मेण गोठून गाळणी तुंबेल. थंड मुलखात जाताना वरची टाकी रिकामी घेऊन निघा आणि तिथलं हिवाळी डिझेल भरा.

धूर स्वच्छ करायला लागणारं, निळ्या झाकणाचं युरियाचं पाणी विसरू नका. डिझेल दुपटीहून जास्त झालं, या पाण्याची टाकी तेवढीच राहिली. ओझं ओढताना ते भराभर संपतं आणि संपलं की गाडी वेग कमी करायला लावते. एक सीलबंद डबा ट्रेलरमध्ये ठेवा, उन्हापासून दूर. आणि शेतीचं, करमाफीचं लाल रंगाचं डिझेल कुणी स्वस्तात देऊ केलं तर हात जोडा. रस्त्यावरच्या गाडीत ते सापडलं तर दंड किमान १,००० डॉलर, किंवा गॅलनला १० डॉलर, यातलं जे जास्त असेल ते.

आता वारा नसला तर सहाशेच्या वर मैल होतात, तोंडावर असला तरी पाचशे. तरी ग्रीन रिव्हर आलं की मी थांबतोच, ट्रक थांबतात त्या बाजूला, जिथे वळावं लागत नाही. तिथल्या पंपाचा जोर मोठा असतो, डिझेलला फेस येतो आणि नळी खटकन बंद पडते. भरली असं वाटतं, पण भरलेली नसते. फेस बसू द्या, मग शेवटचे पाच गॅलन हळूहळू सोडा, वर थोडी जागा राखून.