खारवट जमिनीवरील मॉस: शोध, ओळख आणि नोंद

मॉस म्हणजे ओल्या जमिनीवर किंवा दगडांवर हिरव्या गालिच्यासारखी वाढणारी बारीक, बिनफुलांची वनस्पती. तिला खरी मुळे नसतात आणि तिची पाने बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीची असतात, त्यामुळे पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार पानांमधून थेट आत शिरतात. साहजिकच खारवट जमिनीवर तग धरणाऱ्या जाती मोजक्या आहेत, आणि समुद्राच्या पाण्यात कायम बुडून जगणारे मॉस तर एकही नाही.

शोधाची वेळ आधी ठरवावी. कोरड्या दिवसांत बाष्पीभवनामुळे क्षार वर येऊन जमिनीवर पांढरा थर धरतात; पावसाने ते खाली झिरपले की वरच्या सेंटिमीटरभर मातीत काही आठवडे तुलनेने गोडेपणा येतो आणि मॉस तेवढ्यात वाढून घेते. समशीतोष्ण प्रदेशांत ही संधी साधारणपणे हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत असते. पांढऱ्या थराच्या मध्यभागी शोधण्यात वेळ घालवू नये. त्याच्या कडा, किंचित उंचवटे, बांधासारख्या झिजलेल्या पायऱ्या आणि गवताच्या झुबक्यांमधील उघडी माती गुडघे टेकून पाहावी, कारण ही झाडे बहुधा सेंटिमीटरभरही उंच नसतात.

ओळखीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग बहुधा पुरते, पण बीजाणुकोश (बीजाणू तयार होणारी बारीक कुपी) असलेला नमुना मिळवावा. हेनेडिएला हाइमी या जातीत बीजाणुकोश पिकल्यावर त्याचे झाकण गळून पडत नाही, तर आतल्या मधल्या दांड्याला चिकटून छत्रीसारखे वर उचललेले राहते; ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. टेरिगोन्युरम प्रजातीत पानाच्या मध्यशिरेवर उभ्या पट्ट्या असतात. त्यांच्यासाठी पान भिजवून त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. ब्रायम अर्जेंटियमसारखे सर्वत्र आढळणारे मॉस खारवट जागीही दिसते, पण ते क्षार केवळ सोसते. त्याच्या उपस्थितीवरून जमीन खारवट ठरवणे चूक आहे.

मातीचा नमुना घेताना सर्वाधिक चुका होतात. शेतीसाठी घेतात तसा खोलवरचा नमुना इथे निरुपयोगी असतो. मॉसच्या अगदी खालची सेंटिमीटरभर मातीच खरवडून घ्यावी आणि तिची विद्युत वाहकता (क्षार जितके जास्त, तितकी ही जास्त) व सामू (पीएच) मोजावा. संपृक्त (पाणी घालून पूर्ण भिजवलेल्या) मातीच्या अर्कात ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त वाहकता आल्यास जमीन क्षारयुक्त मानतात. एक भाग मातीत पाच भाग पाणी मिसळून मोजल्यास आकडा बराच कमी येतो, म्हणून पद्धतीचा उल्लेख नसलेली नोंद तुलनेच्या कामाची नाही.

मॉसचा नमुना अंगठ्याच्या नखाएवढा पुरे. दुर्मीळ जातीचा तोही परवानगीशिवाय उचलू नये. तो प्लास्टिकमध्ये न ठेवता कागदी पाकिटात सावलीत वाळवावा आणि पाकिटावर तारीख, अक्षांश-रेखांश, मातीचा प्रकार व पाणथळ जागेपासूनचे अंतर लिहावे.

भौगोलिक प्रसाराचा नकाशा वाचताना सावध राहावे. हेनेडिएला हाइमी युरोपातील किनारी खारवट दलदलींत, काही अंतर्गत खारवट जागांवर आणि अंटार्क्टिकातही आढळते. टेरिगोन्युरम कोझलोव्हीची नोंद युक्रेनच्या गवताळ प्रदेशात आहे आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातही. एंटोस्थोडन हंगेरिकस हंगेरीच्या चोपण माळांशी जोडले जाते, पण स्पेनमध्येही ते सापडते. असे तुटक ठिपके काही अंशी खारवट जमिनीच विखुरलेल्या असल्यामुळे दिसतात, तर काही अंशी योग्य महिन्यात तिथे कोणी पोहोचलेच नसल्यामुळे. म्हणून मॉस न सापडलेल्या जागेचीही तारखेसह नोंद ठेवावी. ऐन उन्हाळ्यात 'आढळले नाही' एवढेच लिहिले, तर पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल होते; वसंतातील ओल्या मातीवर केलेली तीच नोंद मात्र नकाशावरील मोकळ्या जागेला अर्थ देते.