मुंबईतला वसंत बघायला निघताय? या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की मुंबईकर म्हणतो, 'उकडायला लागलं, आता पावसाळ्यापर्यंत बघण्यासारखं काही नाही.' उकाड्याचं खरं आहे. बाकीचं चूक. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची गर्दी, फुललेली काटेसावर, तांबट पक्ष्याची टुकटुक हे सगळं नेमकं याच दिवसांतलं. तरीही अनेकजण हिरमुसून परततात आणि त्याची कारणं बहुतेक ठरलेली असतात.

सुट्टी बघून रोहित पाहायला जाणं

रविवारी शिवडीला पोहोचावं, तर चिखलापलीकडे नुसती एक गुलाबी रेघ दिसते. पक्षी असतात, वेळ चुकलेली असते. ओहोटीला पाणी मागे हटतं आणि थवे शेवाळ टिपत दूरवर पांगतात. पाणी चढू लागलं की तेच थवे किनाऱ्याकडे सरकतात. पूर्ण भरतीला मात्र चिखलच बुडतो आणि पक्षी नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जाऊन बसतात. म्हणजे भरतीच्या ऐन वेळी पोहोचणं हीसुद्धा चूकच. भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोनेक तास साधायचे.

वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट, म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य, दशमीला भरती साडेसातच्या सुमारास, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. हा ढोबळ हिशेब झाला. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघून घ्या. सकाळी जायचं असेल तर दशमी-एकादशी सोयीची. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोटी निघतात, त्याही भरती बघूनच. आधी नोंदणी करा. २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालेली ही खाडी आपल्या दाराशी आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

थव्यात करडे-मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नसतात, लहान वयाचे असतात. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. आणि फोटोसाठी चिखलात उतरू नका. पाय रुततो, थवा उडतो.

कुरवांना कुरकुरे

मांडव्याच्या बोटीमागे येणारे पांढरे पक्षी म्हणजे कुरव (सीगल). त्यांना गाठ्या, शेव, कुरकुरे भिरकावणं हा आता प्रवासाचा भागच होऊन बसलाय. मीठ-तेलाचं हे खाणं त्यांचं नाही आणि आयता घास मिळाला की मासे शोधण्याऐवजी ते बोटीमागे घिरट्या घालतात. त्यापेक्षा त्यांची डोकी बघा. थंडीत बहुतेकांचं डोकं पांढरं, कानामागे एक काळसर ठिपका. मार्चकडे त्यांतल्या अनेकांचं डोकं गडद तपकिरी होऊ लागतं. 'हा वेगळाच पक्षी' म्हणून बोटीवर वाद होतात, पण ती विणीची तयारी असते. थोड्याच दिवसांत ते उत्तरेला निघतात.

निष्पर्ण झाड सोडून पुढे जाणं

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात लोक बिबट्या शोधत भराभर चालतात. तो दिवसा दिसणं कठीणच आणि त्याच्यासाठी आडवाटेला शिरणं धोक्याचं. त्या नादात काटेसावर मागे पडते. पानं नसतात म्हणून झाड वाळलेलं वाटतं, पण मान वर करा: लालभडक फुलं आणि त्यांतल्या मधासाठी साळुंक्या, कोतवाल, सूर्यपक्षी, नशीब असेल तर पळसमैनांचा अख्खा थवा. पळस आणि पांगाऱ्यावरही हीच वर्दळ. उजाडल्यावर एकाच झाडाखाली तासभर बसा, चार किलोमीटर चालून दिसणार नाही इतकं दिसेल. कुसुंबाची कोवळी लाल पालवी लांबून फुलांसारखी दिसते, तिथे जाणते लोकही फसतात.

उद्यान सोमवारी बंद असतं. कान्हेरीच्या वाटेवर माकडांसमोर पिशवी उघडू नका. गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका विडीने वणवा पेटतो.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं

हे मला अजिबात पटत नाही. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. घरट्याचं काम सोडून तो तुमच्या फोनशी भांडत बसतो. फोटो मिळतो, पण त्याची सकाळ वाया जाते.

वाळकी फांदी लगेच तोडणं

ही चूक सोसायटीच्या आवारातली. तांबट आपली ढोली मऊ पडलेल्या वाळक्या फांदीतच कोरतो आणि छाटणीची घाई नेमकी याच दिवसांत सुटते. फांदीच्या खालच्या बाजूला छोटंसं गोल भोक दिसलं तर छाटणी पुढे ढकला. फांदी कुणाच्या डोक्यावर पडेल अशी असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते. झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा सोसायटीच्या आवारातल्या झाडांनाही लागू आहे, हे कमिटीच्या बैठकीत कुणीतरी सांगायला हवं.