सोलापुरात, एका लॅपटॉपवर: दृश्य-शोधाचा पहिला प्रयोग कसा उभारायचा

अवधान आणि दृष्टी या विषयात संशोधन करायचं म्हटलं की पहिली अडचण सांगितली जाते ती प्रयोगशाळेची. मेंदूच्या लहरी मोजायच्या असतील तर प्रयोगशाळा हवीच. पण या क्षेत्रातले पायाभूत प्रयोग बरेचसे पडदा, कळफलक आणि घड्याळ एवढ्यावर झालेले आहेत. दृश्य-शोधाचा प्रयोग त्यातलाच. चादर किंवा टॉवेल पेटीत भरण्याआधी तुटलेला धागा शोधणारी नजर जे काम करते, तेच काम इथे मोजायचं असतं.

मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीसमन आणि गॅरी गेलेड यांनी १९८० मध्ये यावरच आपला सिद्धांत मांडला: रंगासारखा एकच गुण आपोआप दिसतो, पण गुणांची जोड शोधायची तर वस्तू एकेक तपासाव्या लागतात. हिरव्या रेघांत एक लाल रेघ असली तर ती लगेच डोळ्यांत भरते, मग रेघा ४ असोत की १६. पण लाल उभी रेघ शोधायची आणि भोवती हिरव्या उभ्या व लाल आडव्या रेघा मिसळलेल्या असतील, तर प्रत्येक जादा रेघेमागे वेळ वाढत जातो. ही वाढ, म्हणजे आलेखाचा उतार, आपल्याला काढायची आहे.

आराखडा

लक्ष्य नेहमी एकच ठेवा: लाल उभी रेघ. सोप्या शोधात बाकी सगळ्या हिरव्या उभ्या. जोड-शोधात निम्म्या हिरव्या उभ्या, निम्म्या लाल आडव्या. हे निम्मं-निम्मं फार महत्त्वाचं आहे. लाल रेघा कमी पडल्या तर माणूस फक्त लाल रेघाच पाहत जातो आणि उतार खोटा सपाट येतो. सम वाटणी होत नसेल (लक्ष्य धरून ४ रेघा, म्हणजे इतर ३) तर जादाची एक रेघ कधी हिरवी, कधी लाल, अशी यादृच्छिक द्या.

रेघांची संख्या ४, ८ आणि १६. शोधाचे प्रकार २, लक्ष्य आहे किंवा नाही असे २, मिळून १२ प्रकार. प्रत्येकाच्या ४० फेऱ्या घेतल्या की ४८० होतात. एका फेरीला सरासरी ३ सेकंद धरले तर २४ मिनिटं. दर ६० फेऱ्यांनी विश्रांती द्या, कारण त्यापुढे डोळे थकतात आणि चुका वाढतात. सोपा आणि जोड-शोध फेऱ्यांच्या वेगवेगळ्या गटांत ठेवा. निम्म्या सहभागींना आधी सोपा, निम्म्यांना आधी जोड. सुरुवातीच्या २० सरावफेऱ्या हिशेबात धरू नका.

एक फेरी अशी: मध्यभागी अधिक-चिन्ह ५०० मिलिसेकंद, मग रेघा, उत्तर येईपर्यंत किंवा जास्तीत जास्त ५ सेकंद. चूक झाली तर छोटा आवाज, मग सुमारे पाऊण सेकंद कोरा पडदा.

सहभागी १६ ते २० पुरतात, कारण प्रत्येक जण सगळे प्रकार करतो. किती जण घ्यायचे, कोणत्या फेऱ्या गाळायच्या, हे आधी लिहून ठेवा. ओएसएफ या संकेतस्थळावर हा आराखडा तारखेसह विनामूल्य नोंदवता येतो. आकडे पाहून मग नियम ठरवणं ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी खोड आहे आणि ती पहिल्याच प्रयोगात मोडलेली बरी.

सुतळी, पट्टी आणि पडदा

डोळ्याला वस्तू किती मोठी दिसते हे अंतरावर ठरतं, म्हणून मापं अंशांत देतात. ५७ सेंटीमीटरवर बसलं की पडद्यावरचा १ सेंटीमीटर जवळजवळ १ अंश भरतो. सुतळीचा ५७ सेंटीमीटरचा तुकडा कापा, एक टोक पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवा आणि दर विश्रांतीनंतर दुसरं टोक सहभागीच्या डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत ताणून पाहा. माणूस कंटाळला की पुढे वाकतो. १० सेंटीमीटर पुढे आला तर रेघ जवळजवळ पाचव्या हिश्शाने मोठी दिसते.

सायकोपाय हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या मॉनिटर सेंटरमध्ये पडद्याची रुंदी, अंतर आणि पिक्सेल भरा. १५.६ इंची पडदा साधारण ३४.५ सेंटीमीटर रुंद असतो, पण आपला पट्टीने मोजूनच लिहा. मग एकक अंश निवडा, १.२ अंश लांब आणि ०.३ अंश रुंद रेघ काढा आणि पडद्याला पट्टी लावून खात्री करा. फरक आला तर बहुधा विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्क्यांवर असतं. ते १०० वर आणा.

रेघांच्या जागांसाठी ६ गुणिले ६ ची अदृश्य जाळी करा, प्रत्येक घर २.५ अंशांचं. दर फेरीला घरं यादृच्छिक निवडा आणि रेघ घराच्या मध्यापासून ०.४ अंशापर्यंत इकडेतिकडे सरकवा. नाहीतर रेघा रांगेत बसतात आणि रांग मोडणारी आडवी रेघ आपोआप उठून दिसते.

लाल आणि हिरव्या रेघा सारख्याच उजळ हव्यात. पूर्ण हिरवा पूर्ण लालपेक्षा बराच उजळ दिसतो. प्रकाशमापक नसेल तर एक लहान गोल लाल-हिरवा आलटून-पालटून दाखवा, प्रत्येक रंग २ चौकटी (पडद्याच्या फ्रेम). ६० हर्ट्झच्या पडद्यावर हे सेकंदाला १५ वेळा होतं. हिरवा हळूहळू मंद करत न्या. लुकलुक सर्वांत कमी वाटेल तिथे थांबा. फिट येण्याचा त्रास असलेल्याने ही पायरी करू नये, आणि सहभागींना ती दाखवूच नये.

नाइट लाइट आणि आपोआप बदलणारी उजळी बंद करा. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि पडदा नकळत मंद होतो. चार्जर लावलेला असताना आणि नसताना उजळी एकच राहील असं आधीच ठरवून द्या, तरीही वीज गेली ती वेळ वहीत लिहा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेल्यावर दुपारी प्रयोग घेऊ नका. घाम पुसणाऱ्या हातांचे प्रतिसाद वेळेत येत नाहीत. सकाळी ८ ते ११ ही वेळ बरी. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस सोडा, सहभागीच मिळत नाहीत.

कळा, भाषा, डोळे

'आहे' साठी एफ आणि 'नाही' साठी जे. निम्म्या लोकांना उलट द्या. कळांवर खूण म्हणून टिकल्या चिकटवता येतात, पण काळ्या. लाल टिकली लावली तर लाल लक्ष्य 'लाल कळ' सुचवतं. कळफलकाची भाषा इंग्रजीवर आहे ना, ते पाहा. मराठीवर राहिली तर कळ दाबूनही नोंद होत नाही असं घडतं.

मराठी सूचना सायकोपायमध्ये थेट टाइप केल्या तर जोडाक्षरं कधी कधी तुटून दिसतात. सूचना दुसरीकडे नीट मांडून चित्र म्हणून टाका. सोलापुरात घरची भाषा तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असणारे खूप. सूचना त्या भाषेत तोंडी सांगायच्या असतील तर वाक्यं आधी लिहून घ्या, म्हणजे सगळ्यांना एकच सांगितलं जाईल. याच कारणाने लक्ष्य म्हणून देवनागरी अक्षरं घेण्याचा मोह टाळा. क आणि फ ओळखण्याचा वेग त्या लिपीच्या सवयीवर जातो, आणि मग आपण अवधान मोजतोय की वाचनाचा सराव, हे सांगता येत नाही.

चष्मा असेल तर लावायलाच सांगा. लाल-हिरवा रंग न ओळखणारे पुरुषांत बायकांपेक्षा बरेच जास्त असतात, म्हणून नेत्रतज्ज्ञाकडची इशिहारा चाचणी (रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखण्याची) मिळाली तर उत्तम. पडद्यावरच्या इशिहारा चित्रांवर निदान करू नका.

लेखी संमती घ्या, आणि कधीही उठून जाता येईल हे स्पष्ट सांगा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. नावाऐवजी क्रमांक वापरा. महाविद्यालयाच्या नीतिविषयक समितीची परवानगी पहिल्या सहभागीच्या आधी हवी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं अर्ज लिहिताना जवळ ठेवा. मागाहून परवानगी मिळत नाही.

आकडे

चुकीची उत्तरं आणि २०० मिलिसेकंदांपेक्षा आधी आलेले प्रतिसाद बाजूला काढा. प्रत्येक सहभागीच्या प्रत्येक प्रकाराचा मध्यक घ्या. सरासरी घेऊ नका, एक जांभई तिला ओढून नेते. मग एक्सेलमधल्या स्लोप (SLOPE) या सूत्राने उतार काढा. समजा जोड-शोधात लक्ष्य असताना ४, ८, १६ रेघांना ६४०, ७४५ आणि ९६० मिलिसेकंद लागले. उतार निघतो रेघेमागे सुमारे २६.७ मिलिसेकंद. जोड-शोधात २० ते ३० हा नेहमीचा पल्ला, लक्ष्य नसताना साधारण दुप्पट, आणि सोप्या शोधात शून्याच्या आसपास.

स्वस्त कळफलक १०-२० मिलिसेकंद उशीर लावतो, पण तो सगळ्या प्रकारांत सरासरीने सारखाच असतो. त्याने आलेखाची रेघ वर सरकते, उतार बदलत नाही. लॅपटॉपवर हा प्रयोग विश्वासाने करता येतो तो यामुळेच.

सोप्या शोधाचा उतार १० च्या वर गेला तर रंग फारच जवळचे आहेत. 'आहे' आणि 'नाही' चे उतार सारखे आले तर लक्ष्य असताना चुकून एक रेघ जास्त काढली जात नाही ना, ते कोडमध्ये तपासा. नवख्याची ही हमखास चूक, आणि ती असली की लोक रेघा मोजूनच उत्तर देतात. रेघा वाढताना चुकाही वाढत असतील तर लोक घाईत 'नाही' दाबत आहेत, आणि त्यांचा उतार खरा नाही.

एक गोष्ट अहवालात जरूर लिहा: आपोआप दिसणं आणि एकेक तपासणं असे दोन स्वच्छ कप्पे आता मानले जात नाहीत. दृश्य-शोधाचे अभ्यासक जेरेमी वुल्फ यांच्या कामानंतर उतार सलग पसरलेले दिसतात. आपला निकाल ट्रीसमन यांच्याशी जुळला म्हणून त्यांचा सिद्धांत सिद्ध होत नाही.

दुसरा प्रयोग आणि पुढचा रस्ता

वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की लक्ष्य ५० टक्के फेऱ्यांत असताना सुमारे ७ टक्के वेळा नजरेतून सुटतं, आणि फक्त १ टक्का फेऱ्यांत असलं की सुमारे ३० टक्के वेळा. डोळे तेच, पडदा तोच. क्वचित दिसणारं लक्ष्य सुटतं. टॉवेल तपासणीतही दोष क्वचितच असतो. म्हणून दुसरा प्रयोग इथलाच करा: विणीच्या छायाचित्रांत सुटलेला धागा शोधायचा, फेऱ्यांच्या एका गटात तो ५० टक्के वेळा, दुसऱ्यात ५ टक्के वेळा. १ टक्का घेऊ नका. ४०० फेऱ्यांत जेमतेम ४ लक्ष्यं येतील आणि हिशेब करण्यासारखं काही उरणार नाही. ५ टक्क्यांत २० येतात.

एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर, अलाहाबाद विद्यापीठाचं सेंटर ऑफ बिहेवियरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस आणि हैदराबाद विद्यापीठाचं सेंटर फॉर न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस पाहा. सोलापूरहून हैदराबाद सर्वांत जवळ. मानसशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणक, कुठूनही येता येतं, पण पायथन आणि संख्याशास्त्र कच्चं असलं तर पहिल्याच सत्रात दमछाक होते.

प्राध्यापकांना ईमेल करताना गुणपत्रिकेच्या आधी दोन पानी अहवाल जोडा: एक आलेख, १२ प्रकारांचा तक्ता आणि काय चुकलं त्याचा एक परिच्छेद. कोड व क्रमांकित आकडे ओएसएफवर ठेवून दुवा द्या. त्यांच्या अलीकडच्या एका शोधनिबंधातली नेमकी कोणती आकृती पाहून प्रश्न पडला ते दोन ओळींत लिहा. सरसकट सगळ्यांना तेच पत्र पाठवलं तर ते लगेच कळतं. दोन आठवडे वाट पाहून एकदा आठवण करा.