प्लास्टर पायाला, अडचण हातांची

प्लास्टरमधल्या पायापेक्षा जास्त छळलं ते अडकलेल्या हातांनी. दोन्हीकडे कुबड्या, मग पाण्याचा पेला न्यायचा कसा? शेवटी गळ्यात आडवी झोळी अडकवली. घट्ट झाकणाची बाटली, फोन, गोळ्या, सगळं तिच्यात. कुबडीवर भार तळहातांचा हवा, काखेचा नाही. काख आणि कुबडीच्या मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं की हाताला मुंग्या येत नाहीत. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय. अंघोळ खुर्चीवर बसून, प्लास्टरला पिशवी बांधून (तिच्यावर फार विसंबू नका, पाणी शिरतंच). सूज आली की आडवं पडून पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. बोटं निळी किंवा बधिर झाली, तर मात्र थेट डॉक्टर.