कॅम्पर व्हॅनचं फर्निचर गोव्यात करताय? या चुका टाळा

गोव्यात व्हॅनमधलं फर्निचर बिघडलं की सगळा दोष पाण्यावर जातो. मग उपायही ठरलेला असतो: सगळीकडे १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय आणि दोन्ही बाजूंनी सनमायका. माझ्या मते पहिली चूक हीच. पाऊस इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो हे खरं, पण चांगलं प्लाय सहसा मधून कुजत नाही. ते कडेने, स्क्रूच्या भोकातून आणि हवा न लागणाऱ्या पाठीमागून खराब होतं. जाडी वाढवून यातलं काहीच थांबत नाही. वाढतं ते फक्त वजन.

वजनाचा हिशेब न करणं

आठ बाय चार फुटांच्या १८ मिलिमीटर मरीन प्लायची एक शीट ३५ ते ४० किलो भरते. एक मिलिमीटरचा सनमायका एका बाजूला लावला की साधारण चार किलो वाढतात, दोन्हीकडे लावला की आठ. मध्यम व्हॅनला सहा शीट लागल्या तर नुसतं लाकूडच अडीचशे किलोच्या पुढे जातं. त्यात साठ लिटरची पाण्याची टाकी, बॅटरी, सिलिंडर आणि माणसं धरा. हे सगळं घेऊन अनमोडचा किंवा चोर्ल्याचा घाट उतरायचा आहे. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि एकूण वजन दोन्ही लिहिलेलं असतं. त्या दोघांतला फरक हेच आपलं बजेट. (सीट काढून पलंग बसवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येणारा बदल आहे. मेस्ताला, म्हणजे सुताराला, आगाऊ पैसे देण्याआधी आरटीओत विचारून घ्या.)

१८ची गरज क्वचितच असते. पलंग आणि मुख्य उभ्या फळ्या १२ मिलिमीटरच्या, पार्टिशन ९ची आणि पाठ ६ची पुरते. मजबुती जाडीतून आणायची नाही, खालच्या पट्ट्यांतून आणायची. १२च्या फळीखाली फुटाफुटावर सागवानी पट्टी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप दिला की दोन माणसं निवांत झोपतात.

मेस्त इथे एक रास्त अडचण काढतो: पातळ दाराला बिजागरी कशी लावायची? कपाटाच्या नेहमीच्या गोल वाटीच्या बिजागरीला बाराएक मिलिमीटर खोल खड्डा लागतो. ९च्या दारात तो आरपार जाईल आणि १२च्या दारातही टोक बाहेर डोकावेल. अशा दाराला लांब पियानो बिजागरी लावा. ती हलकी असते, भार सगळ्या लांबीवर वाटते आणि रस्त्यावरच्या खड्ड्यात दार ओघळत नाही.

ओट्याला घरच्यासारखा ग्रॅनाइट बसवायचा मोहही आवरा. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार किलोच्या घरात जातो, म्हणजे चार बाय दीड फुटांचा ओटा २७ किलोंचा. शिवाय सिंकच्या कापाजवळ तो हादऱ्यांनी तडकतो. घरी पडून असलेल्या माट्टीच्या फळ्यांचंही तेच. माट्टी आपला राज्यवृक्ष आहे आणि घराच्या तुळईला उत्तम, पण सागवानापेक्षा बरीच जड. ती घरातच राहू द्या.

‘वॉटरप्रूफ’ शब्दावर विसंबणं

म्हापशात असो की मडगावात, दुकानात ‘वॉटरप्रूफ प्लाय’ मागितलं की काहीही मिळू शकतं. शब्द सोडा, शीटवरचा शिक्का वाचा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३च्या पुढे एमआर लिहिलं असेल तर ते फक्त दमटपणा सोसणारं प्लाय. आयएस ३०३चंच बीडब्ल्यूआर पाणी बऱ्यापैकी सोसतं. आयएस ७१० म्हणजे मरीन. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात आणि तरी थर सुटता कामा नयेत.

शिक्के खोटेही असतात, म्हणून दुकानदाराकडून बोटभर तुकडा मागून घ्या आणि जुन्या टोपात चार-पाच तास उकळा. एमआरचा युरिया गोंद उकळत्या पाण्यात टिकत नाही, थर नखाने सुटतात. कडेला दिसणारी काळपट तांबूस रेघ पाण्यात टिकणाऱ्या फिनॉल गोंदाची खूण आहे म्हणतात, पण रंग मिसळूनही तशी रेघ आणता येते. उकळणं त्याहून खात्रीचं.

मरीन सगळीकडे लागत नाही. सिंकखाली, दाराजवळ आणि जमिनीला टेकणाऱ्या फळीला मरीन घ्या, बाकीच्याला बीडब्ल्यूआर पुरे. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड मात्र व्हॅनमध्ये आणूच नका. ऑनलाइन मिळणारं तयार कपाट बहुधा यांचंच असतं. ओल लागली की ते फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही.

कापलेली कड उघडी ठेवणं

सिंकसाठी कापलेल्या भोकाची आतली कड बघा. वरून स्टीलची पट्टी असते, त्यामुळे ती कोणाला दिसत नाही आणि मेस्त तिला हातही लावत नाही. नळाच्या बुडाशी झिरपणारा थेंब नेमका त्या कच्च्या लाकडात मुरतो. वरचा सनमायका चकचकीतच असतो, खालून हात फिरवला तर लाकूड भुसभुशीत लागतं. म्हणून प्रत्येक कापलेल्या कडेला इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) किंवा पीयूचे (पॉलियुरेथेन लेपाचे) दोन हात मारल्याशिवाय जोडणी करू देऊ नका. सिंकजवळच्या स्क्रूला आधी मोठं भोक पाडायचं, ते इपॉक्सीने भरायचं आणि सुकल्यावर त्यात बारीक भोक पाडून स्क्रू घ्यायचा. म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. मासेमारीच्या होड्यांना फायबर मारणाऱ्या कारागिरांकडे हे सामान असतं. मेस्ताला जमत नसेल तर तेवढं काम त्यांच्याकडून करून घ्या.

फोम शीट छताला लावणं

डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचं मिश्रण) आणि पीव्हीसी फोमच्या शीट पाण्याला भीक घालत नाहीत, वाळवीही लागत नाही. म्हणून लोक सगळी व्हॅन त्यांचीच करतात. पण एप्रिलमध्ये उन्हात बंद उभ्या गाडीचं छत किती तापतं, हे वेगळं सांगायला नको. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि वर भार असेल तर त्याआधीच वाकतं. छताजवळचं सामानाचं कपाट याचं केलं की तळ पोटासारखा खाली येतो. शिवाय स्क्रूची पकड प्लायपेक्षा कमी, एकदा सुटलेला स्क्रू त्याच भोकात परत धरत नाही. सिंकखालच्या खोक्याला मरीनऐवजी किंवा बाथरूमच्या दाराला ही शीट चालते. शेगडीच्या मागे मात्र मुळीच नको, तिथे थोडी फट ठेवून स्टीलचा पत्रा हवा.

उन्हाने सनमायकाही सुटतो. रबरी गोंद उष्णतेने ढिला होतो आणि फुगे येतात.

स्क्रूत काटकसर

मोरजी-आश्व्यासारख्या किनाऱ्यावर गाडी उभी राहणार असेल तर काळे ड्रायवॉल स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात आणि सनमायकावर तांबडे ओघळ येतात. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागा, अगदी समुद्रालगत राहणार असाल तर ३१६. लोहचुंबक लावून खात्री करायची पद्धत फसवी आहे, कारण स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक फारसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपात स्टीलचा स्क्रू जातो तिथे नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खारट ओलीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

ड्रॉवरला लोहचुंबकाचा कॅच पुरत नाही. वळणावर सगळे चमचे खाली येतात. दाबून उघडणारं पुश लॉकच लावा.

बिघाड दिसला तर

जुलैत ड्रॉवर अडकायला लागला तर लगेच रंधा मारू नका. लाकूड फुगलेलं असतं, डिसेंबरात तीच फट मोठी दिसेल. उन्हाळ्यात काम करून घेताना बाजूंना दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायला सांगा.

फळीखाली मैद्यासारखी पिवळसर भुकटी आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर भुंगा लागलाय. तेवढी फळी बदला आणि शेजारच्या फळ्यांना औषध मारा. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरा खरबरीत थर आला असेल तर तो मिठाचा प्रताप. ब्रश आणि गोड्या पाण्याने धुवा, वाळवून रंग मारा.

कुबट वास येत असेल तर आधी गादी उचला. सलग फळीवर ठेवलेल्या गादीखाली रात्रीची वाफ साचते आणि श्रावणापर्यंत काळे ठिपके येतात. फळीला दोन इंची भोकं पाडा किंवा पट्ट्यांचा पलंग करा, आणि कपाटांची पाठ गाडीच्या पत्र्यापासून बोटभर लांब ठेवा.