चढावर गाडी ओढत नसेल तर काय तपासावं

सपाटीला गाडी बरी चालते, पण कुंभार्ली किंवा आंबा घाट लागला की अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवूनही पिकअप मिळत नाही. अशा वेळी अंदाजाने पार्ट बदलत सुटू नका. आधी एवढंच ठरवा: इंजिनातच जोर नाही, की जोर आहे पण तो वाया जातोय?

रिकाम्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग होता तेवढाच राहिला, तर क्लच घसरतोय. घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय प्लेट लवकर खाते. मग प्लेट बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

काटाही चढत नसेल तर ब्रेक कमीत कमी वापरत काही किलोमीटर चालवा, थांबा आणि चारही रिमच्या जवळ हात न्या. हात लावू नका, धग जाणवेल. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहिलाय. समुद्राकाठच्या गावांत हे फार होतं: पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी उभी राहिली की मागचे शू ड्रमला चिकटतात, कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक सोडून ठेवावा.

हे दोन्ही ठीक निघालं तर बॉनेट उघडा आणि एअर फिल्टरपासून सुरुवात करा. जांभ्याची लाल धूळ कागदाच्या घड्यांत घट्ट बसते. कच्च्या रस्त्यावरच्या गाडीचा फिल्टर दर ५,००० किलोमीटरला काढून बघावा. कागदी फिल्टर धुऊ नका. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर तो भिजला आहे का, हेही बघा. डब्यात आणि हवेच्या पाईपात उंदरांनी पालापाचोळा भरून घरटं केलेलं बऱ्याचदा सापडतं.

यानंतर पेट्रोल गाडीत ठिणगी. दमट, खाऱ्या हवेत सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो, म्हणून घाई करू नका. गाडी धक्के देत मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही, आणि चेक लाईट लुकलुकते, तेव्हा ताबडतोब अ‍ॅक्सिलरेटर सोडा. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरच्या लाईनमधलं कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जाळतं. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०३ म्हणजे तिसऱ्याचं. समजा पी०३०१ आला. इंजिन बंद आणि गार असताना पहिल्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) अदलाबदल करा, कोड पुसा आणि त्याच चढावर पुन्हा न्या. आता पी०३०३ आला तर कॉइलच गेली. कोड जागचा हलला नाही तर प्लग तसेच बदलून बघा, आणि मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर.

नवी कॉइल घेण्याआधी कनेक्टर काढून आतल्या पिना उजेडात नीट बघा. हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या. प्लगच्या विहिरीत पाणी किंवा ऑइल आहे का, तेही बघा. प्लगचं टोक फिकट तपकिरी असावं. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, ओलं टोक म्हणजे ठिणगी पडत नाही. प्लग बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा, नाहीतर हेडचे आटे मरतात.

कोड पी०१७१ असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. इनटेकचे फुटलेले पाईप शोधा, मग फ्युएल प्रेशर मोजा. साध्या पेट्रोल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत ते ३ ते ४ बार असतं. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. थकलेला पंप आयडलला बरोबर प्रेशर दाखवतो आणि जोर लागला की पडतो, म्हणून गेज लावून लोडवरच तपासावं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाला बसतं, आणि पंप तेच उचलतो. अशी टाकी रिकामी करूनच स्वच्छ करावी लागते.

आयडल नीट, पण ३,००० आरपीएमच्या पुढे दम कोंडल्यासारखा होत असेल तर कॅट चोंदल्याचा संशय घ्या. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. २,५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेलं तर धुराची वाट अडलीय. पण कॅट आपणहून क्वचितच जातं. मिसिंग आधी दुरुस्त करा, नाहीतर नवंही जळेल.

डिझेल गाडीत काळा धूर, सूं असा आवाज आणि पी०२९९ (टर्बोचं प्रेशर कमी पडल्याचा कोड) असेल तर इंटरकूलरचे होज तपासा. फाटलेल्या जागी किंवा सुटलेल्या क्लिपपाशी ऑइलचा ओला डाग दिसतो. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. बीएस-६ गाडी रोज फक्त घर ते बाजार एवढीच फिरत असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायला वेळच मिळत नाही. त्याचा दिवा नुसता लागला असेल तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे मोकळ्या हायवेवर एकसारख्या वेगाने न्या, साधारण १५-२० मिनिटं. दिवा लुकलुकत असेल तर स्कॅनरवाल्याकडेच न्या.